आधी जीभ, मग मशीन

"आदी मी, मग तुजी मशीन," असं म्हणत काकी बाटलीचं टोपण उघडायच्या, त्या टोपणातच थोडं पाणी ओतायच्या, जिभेवर घ्यायच्या आणि डोळे मिटायच्या. पाणी आधी डाव्या गालात, मग उजव्या गालात फिरायचं. मग गिळून टाकायच्या, थुंकायच्या नाहीत. डोळे उघडले की निकाल तयार असायचा. "खारं. लिव." नाहीतर, "गोडं. लिव." मी तोवर पाण्यातला खार मोजणाऱ्या मीटरची काडी पुसत असायची.

पालघरच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायला येतं. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक लांब ओटा, कुरकुरणारा पंखा आणि मी. बाहेरचं कुणी ओट्यापर्यंत येऊ नये असा नियम भिंतीवर लावलेला आहे. काकी त्या कागदाच्या खिळ्याला पिशवी अडकवायच्या.

मी मुळात चिडकी. "काकी, न उकळलेलं पाणी असं पिऊ नका, जंतू असतात," असं मी दर वेळी सांगायची.

"माज्या पोटात आले तर तेच मरतील," काकी म्हणायच्या. "तू लिव."

आणि मग मी मीटर लावायची, आणि काकींचा निकाल बरोबर निघायचा. याचा मला किती राग यायचा म्हणून सांगू! मी शिकले, परीक्षा दिल्या, आणि एडवणकडची एक सत्तरीची बाई टोपणभर पाण्यात माझ्या आधी पोचायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापुढे आपलं शिक्षण उगीचच देवळात चपला घालून उभं राहिल्यासारखं वाटतं.

काकी महिन्यातून दोनदा यायच्या, एसटीने, खांद्याला कापडी पिशवी लावून. पिशवीत आठ-दहा बाटल्या. बाटलीवर पेनाने नाव लिहिलं की पाण्याने पुसून जातं, म्हणून काकी ज्या घरची विहीर त्याच घरची चिंधी मागून बाटलीच्या गळ्याला बांधायच्या.

"ही हिरवी कुणाची?"

"सरपंचाच्या लुंगीची."

"आणि ही फुलाफुलांची?"

"ती त्याच्या बायकोच्या परकराची. तिची माहेरची वाडी वेगळी हाय ना, तिकडची विहीर."

मला रजिस्टरमध्ये लुंगी आणि परकर लिहिता येत नव्हतं. पण एकदाही त्यांच्या एका विहिरीची बाटली दुसरीच्या नावावर गेली नाही. आमच्याकडे छापील लेबलं लावून आलेल्या बाटल्यांची मात्र दर आठवड्याला अदलाबदल व्हायची.

बसा म्हटलं तर बसायच्या नाहीत. पायाला भिंगरीच होती. मी तपासणी करत असताना त्या खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून मागच्या अंगणात. एकदा साहेबांच्या खोलीतल्या एसीचं पाणी मागे ठिबकताना दिसलं, तर कुठून तरी फुटकी बादली आणून खाली ठेवली आणि साहेबांना सांगून आल्या, "भरली की झाडांना घाला. आमी तिकडं हंड्यापाठी धावतो, आनि तुमी हवेतनं पानी काढून गटारात सोडता." साहेब नवीन होते. त्यांना वाटलं ही वरून आलेली तपासणी आहे. ते उठून उभे राहिले.

काकींना एवढी घाई कशाची होती, ते सांगायला हवं. एडवणपासून किनाऱ्याने वर जाल तसतशा वाड्या लागतात. नारळ, केळी, पानवेलीचे मळे, आणि प्रत्येक वाडीत विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीत मात्र गोड पाणी, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. आता ते चालेनासं झालं होतं. विहिरी एकेक करून मचूळ होत होत्या. पानवेलीला तर खार अजिबात सोसत नाही. वेल आधी पानाच्या कडेने जळते आणि मग एका उन्हाळ्यात मळा संपतो.

"गोडं पानी म्हंजे साय," काकी सांगायच्या. "खाली सगलं खारंच हाय. वर पावसाची साय धरते. ती हलक्या हातानं वरवर काढायची. खरवडलीस की खालचं वर येतंय."

आमच्या पुस्तकात हेच आकृती काढून चार पानांत सांगितलंय. पण साय धरायला दूध स्वस्थ असावं लागतं. पूर्वी चार महिने रिमझिमणारा पाऊस आता चार दिवसांत कोसळतो आणि खाडीतून समुद्रात निघून जातो. आमच्या साहेबांच्या भाषेत हवामानबदल. काकी म्हणायच्या, "पाऊस हल्ली पावन्यासारका येतो. उंबऱ्यातनं बोलून जातो, बसत नाय." देशात पाणी कमी पडतंय अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात, योजनांची नावं बदलतात, आमच्याकडे नवे तक्ते भरायला येतात. आणि पाणी कमी झालं की माणसं जे करतात तेच गावाने केलं. विहिरी खोल केल्या. बोअर मारले. दोन वाड्यांमधून तर टँकर भरून बोईसरच्या कारखान्यांकडे जायला लागले. सगळे साय खरवडत होते.

एकदा काकी त्या टँकरच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. ही हकीकत मला त्यांनीच सांगितली. ड्रायव्हर बिहारचा पोरगेलासा, घाबरून खाली उतरला. "माताजी, हट जाइए, कंपनी में पानी नहीं है."

काकींनी टँकरचा नळ उघडला, ओंजळ धरली, जीभ लावली, डोळे मिटले. मग त्याला म्हणाल्या, "इसमें नमक हाय. तुमारी दाल नय पकेगी." तो बिचारा म्हणाला, दाल तर रोजच पकत नाही, आम्हाला वाटलं डाळच खराब आहे. काकी त्या दिवशी वाटेतून बाजूला झाल्या. आणि वर त्याला घरी नेऊन भात वाढला.

शेवटी ग्रामसभेत त्यांनी तड लावली. माझ्याकडचे सगळे कागद घेऊन गेल्या, वर बाटल्याही नेल्या आणि विहिरीवर मोटार बसवलेल्या एकेकाला त्याचंच पाणी चाखायला लावलं. मग काकींच्या विहिरीचं पाणी चाखायला दिलं. फरक जिभेला कळत होता, त्यामुळे वाद संपला. ठराव झाला की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तीन दिवस कुणी मोटार चालवायची नाही, आणि विहीर आणखी खोल करायची नाही. पाळतो कोण आणि पाळत नाही कोण हे बघायला काकी उधाणाच्या दिवसांत वाडीवाडीतून फिरायच्या. कान देऊन. मोटारीचा आवाज आला की कुंपणातून आत. लोक वैतागायचे, पण ऐकायचे. कारण काकींची विहीर गोड होती. ज्या मापाने काकी गावाला मोजत होत्या, ते माप त्यांच्या अंगणात होतं. आळीतली बारा घरं तिथलंच पाणी पीत होती.

आणि तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या मात्र कितीतरी वर्षं आलं नव्हतं, की त्या पिशवीत काकींच्या स्वतःच्या विहिरीची बाटली कधीच नसायची. मी एकदा विचारलं होतं. त्या हसल्या. "माज्या विहिरीला काय धाड भरलीय? रोज पिते मी."

एका वैशाखात मी त्यांच्या घरी गेले. बोलावून बोलावून थकल्या होत्या म्हणून सुट्टी काढून गेले. काकींनी कोरा चहा पुढे केला.

"दूध हल्ली धड येत नाय," त्या म्हणाल्या. "चहात टाकलं की फाटतं. दूधवाल्याला दोनदा बदललं."

जेवायला बसलो. डाळ दाताखाली येत होती. "वाण्यानं जुनी डाळ दिली," काकी म्हणाल्या. मागच्या मळ्यात नेलं. पानवेलीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. "औंदा ऊन लई हाय," काकी म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या हाताने कळशी ओढली आणि मला पेला भरून दिला.

मी घोट घेतला. खारं होतं. मचूळ नाही, खारं.

मी काकींकडे पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होत्या. मी म्हटलं, "गार आहे हो पाणी."

इतक्यात शेजारची सून कुंपणाशी आली. सहावा-सातवा महिना असेल, पाय सुजलेले. काकींनी तिच्यासाठी हंडा भरून ठेवला होता, तो त्या स्वतः उचलून तिच्या दारात ठेवून आल्या, तिने उचलू नये म्हणून. त्या पाठमोऱ्या झाल्यावर मी तिला पायांचं विचारलं. ती म्हणाली, "डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. जेवनात कनभर पन घालत नाय. तरी सूज जात नाय."

"पाणी कुठलं पितेस?"

"काकींच्या विहिरीचं. रोज हंडा आनून देतात. मी मनोरकडची, मला लग्न होऊन आले तेव्हा खारट लागायचं. मी बोलले पन. सगले हसले, बोलले, नवीन हायस, सवय होईल." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आता नाय लागत. पन बाकीच्या घरांनी प्यायला इकतच्या पान्याचे जार चालू केलेत. काकींना ठाव नाय. कोन सांगनार त्यांना?"

परतीच्या एसटीत मला सगळं उलगडत गेलं. काकींची विहीर एका दिवसात खारी झाली नव्हती. थोडी थोडी होत गेली आणि काकी तीच रोज पीत राहिल्या. त्यांची जीभ विहिरीबरोबर खारी होत गेली. दुसऱ्याचं पाणी त्यांच्याहून खारं असेल तेवढंच त्यांना कळायचं. पिशवीतलं पाणी एक तर चांगलं गोड नाहीतर त्यांच्याहून खारं निघायचं, म्हणून मीटरशी फरक कधी पडलाच नव्हता. माझ्या मीटरला आम्ही दर महिन्याला शुद्ध पाण्यात बुडवून शून्यावर आणतो. काकींना शून्यावर आणणारं कुणी नव्हतं. मी होते, पण काकी मशीनच्या पुढे पोचतात याचं मला हळूहळू कौतुक वाटायला लागलं होतं.

बाटली भरून आणली होतीच. दुसऱ्या दिवशी मीटर लावला. आकडा पिण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ वर. पुन्हा लावला. तोच.

पुढचे आठ दिवस ती बाटली ओट्याखालीच राहिली. सांगितलं तर काकींचं सगळंच जाणार होतं. मोटारवाले म्हणणार, काकींची जीभच खोटी, मग ठराव कसला? आणि नाही सांगितलं तर त्या मुलीच्या दारात रोज हंडा जात राहणार. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी मी आठ दिवस घालवले. त्याची मला आजही लाज वाटते.

काकी आल्या. आणि मी जे केलं ते सरळ नव्हतं. समोर बसवून सांगायला हवं होतं. मी त्यांच्याच विहिरीची बाटली, बिनचिंधीची, बाकीच्यांमध्ये ठेवली. मला वाटलं त्यांना स्वतःला कळावं. खरं तर माझ्या तोंडून निघू नये, एवढंच मला हवं होतं.

टोपण. डावा गाल, उजवा गाल. "गोडं. लिव." मग बाटली फिरवून बघत, "हिला चिंधी नाय. कुनाची ही?"

मी मीटरची काडी बुडवली आणि आकडा त्यांच्याकडे फिरवला. इतक्या वर्षांत त्यांना आकडे वाचता यायला लागले होते.

"तुमची," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा चाखलं. मग ओट्यावरचा माझा प्यायचा तांब्या उचलून त्यातलं पाणी चाखलं, आमच्या कार्यालयातलं, सूर्या नदीचं. "ह्याला चवच नाय," त्या म्हणाल्या. आणि असं म्हणता म्हणताच त्यांना कळलं. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर होताना पाहिलं. ते मी पुन्हा पाहू इच्छित नाही.

"कवापासून?"

"माहीत नाही, काकी. तुमच्या विहिरीची बाटली कधी आलीच नाही."

माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तिला मी माज्या हातानं नेऊन दिलं." मग पिशवी उचलली. "त्या आकड्याचा कागद दे. मोटा लिव."

पुढचं मला गावातल्यांनी सांगितलं. काकी एसटीतून उतरल्या त्या घरी न जाता आधी त्या सुनेच्या दारात गेल्या आणि हंडा ओतून आल्या. मग बारा घरी जाऊन सांगितलं. विहिरीवरचा रहाट एकटीने सोडवला. ग्रामसभेत उभ्या राहून म्हणाल्या, "माजी जीब खोटी निगाली. मग तुमची खरी कशावरनं? आता दर महिन्याला सगल्यांची बाटली जाईल. माजी पैली."

लगेच सगळे शहाणे झाले असं समजू नका. दोघातिघांनी त्याच उधाणात मोटारी चालू केल्या, आणि एकजण काकींना ऐकू जाईल असा हसला. पण बाटल्या यायला लागल्या, बारा घरांच्या आणि पलीकडच्या आळीच्याही. गावाला पाण्याचा टँकर सुरू झाला, आणि ज्या बाईच्या अंगणातून बारा घरं पाणी नेत होती ती बाई कळशी घेऊन रांगेत उभी राहू लागली. पुढे नंबर दिला तरी घ्यायच्या नाहीत. त्या सुनेला जार सुरू झाला, सूज उतरली, मुलगी झाली. काकी बारशाला गेल्या नाहीत. बोलावणं दोनदा आलं होतं.

माझ्याकडेही त्या नंतर आल्या नाहीत. बाटल्या तीच सून घेऊन यायला लागली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या कडेवर मुलगी. चिंध्या बांधलेल्याच असायच्या. ती पाणी चाखत नसे. माझ्या मीटरचा आकडा निमूटपणे लिहून घ्यायची. काम अर्ध्या वेळात व्हायचं, आणि मला ते अजिबात आवडत नसे.

पानमळा गेला, तेव्हा काकींची लेक त्यांना मासवणला आपल्या घरी घेऊन गेली. काकी तिथेच वारल्या. त्याला आता दोन पावसाळे झाले. त्याआधी एकदा मी त्यांना भेटून आले होते.

लेकीचं घर नदीपासून जवळ. सूर्येचं पाणी तिथूनच मोठमोठ्या नळांमधून लांबच्या शहरांकडे जातं, आणि घरात विहिरीलाही बारमाही पाणी. लेकीने दारातच मला गाठलं. "आई पानीच पीत नाय. घसा सुकला तरी नाय. तुमी सांगा काय तरी. तुमचं ऐकेल."

काकी ओसरीवर येरझारा घालत होत्या. खूप वाळल्या होत्या. मला बघून थांबल्या. बारशाला का गेला नाहीत, असं काहीतरी विचारायचं मनात होतं, ते राहून गेलं. मी आपलं कामाचं बोलले. "काकी, पाणी का पीत नाही? इथलं पाणी मी तपासलंय. उत्तम आहे. गोड आहे."

"ठाव हाय."

"मग?"

त्या आत गेल्या. मागोमाग मीही गेले. त्यांनी माठातून पेलाभर पाणी घेतलं, मिसळणाच्या डब्याशेजारची मिठाची बरणी उघडली, चिमूट घेतली, पेल्यात टाकली आणि बोटाने ढवळली. जरा थांबून आणखी दोन कण टाकले. अगदी मापाने, औषध करावं तसं. मग घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

उघडले तेव्हा पेला माझ्यापुढे धरला.

"चाकून बग," त्या म्हणाल्या. "तू प्याली होतीस माज्या घरी. माजी विहीर अशीच होती ना?"

या पाण्याला नको म्हणण्याचा मी पगार घेते. मी पेला घेतला. सगळा प्यायले.

"हो काकी," मी म्हटलं. "अगदी अशीच होती."